रोड्स मार्क वन स्टेज 73: जुना घ्यायचाय? आधी झाकण उघडा

पहिलंच सांगून टाकते. रोड्स म्हणजे इलेक्ट्रिक पियानो. जुना रोड्स बघायला गेलात, दोन कॉर्ड वाजवल्या आणि "छे, हा बसकाच वाजतोय" म्हणून परत आलात, तर तुम्ही पियानो ऐकलाच नाहीत, आधीच्या मालकाने किती वर्षं त्याला हात लावला नाही एवढंच ऐकलंत. आणि उलट झालं, आवाज ऐकून पाघळलात आणि तिथल्या तिथे पैसे मोजलेत, तर आत काय गंजलंय ते पुढे निवांत कळतं. या वाद्याचा आवाज निम्मा सेटिंगचा असतो आणि सेटिंग बदलता येतं. जे बदलत नाही किंवा बदलताना जीव जातो ते झाकण उघडल्याशिवाय दिसत नाही.

माझ्याकडचा मार्क वन आहे, स्टेज मॉडेल, 73 पट्ट्यांचा, सत्तरच्या दशकातला. रिव्ह्यू त्याचाच, पण वुर्लिट्झर (दुसरा इलेक्ट्रिक पियानो) घेऊ का, हॅमंड (ऑर्गन) घेऊ का, अँप कुठला लावू हे प्रश्न कायम येतात म्हणून ते पण यातच कोंबतेय.

थोडक्यात आतली भानगड अशी. पट्टी दाबली की हातोडी उडते आणि एका बारीक स्टीलच्या काडीवर बसते, तिला टाइन म्हणतात. टाइन वरच्या जाड टोनबारला जोडलेली, दोघं मिळून दोन वेगळ्या पायांचा ट्यूनिंग फोर्क, आणि टाइनच्या टोकासमोर इलेक्ट्रिक गिटारला असतो तसला मॅग्नेटिक पिकअप. तारा नाहीत. हॅरल्ड रोड्सने दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांना पलंगावर बसून शिकता यावं म्हणून विमानांच्या सुट्या भागांतून छोटा पियानो बनवला होता, तिथून ही गाडी निघाली. पुढे 1959 मध्ये गिटार बनवणाऱ्या फेंडरशी भागीदारी झाली, 1965 मध्ये फेंडर सीबीएस या अमेरिकन कंपनीने घेतली, आणि स्टेज मॉडेल 1970 मध्ये आलं. स्टेज म्हणजे चार पाय, एक पेडल, आणि पुढे फक्त दोन नॉब. आत अँप नाही, स्पीकर नाही, प्लगसुद्धा लागत नाही. सूटकेस मॉडेलला खाली चार 12 इंची स्पीकरचं कॅबिनेट आणि स्टीरिओ ट्रेमोलो (आवाज डावीकडून उजवीकडे झुलवणारा) असतो, ऐकायला स्वर्ग, उचलायला नरक.

स्टेजसुद्धा हलका नाहीये बरं का. 59 किलोच्या आसपास. एकट्याने उचलायचं मनातही आणू नका.

बघायला जाल तेव्हा झाकण काढायला सांगा. विकणारा कां कू करायला लागला तर चहा पिऊन निघा. झाकण निघालं की आधी हार्पवर (टाइन आणि पिकअप ज्या चौकटीवर बसतात ती) चार आकड्यांचा शिक्का शोधा. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष, म्हणजे 3276 असेल तर 1976 चा 32 वा आठवडा. जाहिरातीतलं साल आणि हे साल बऱ्याचदा जुळत नाही, आणि त्यात दर वेळी लबाडीच असते असंही नाही, लोकांना खरंच माहीत नसतं.

मग गंज. टाइनवर हलका डाग असेल तर चालतं, पण खडबडीत लाल थर असेल तर ती टाइन बदलायची, आणि अशा वीस-पंचवीस दिसल्या तर सरळ नाही म्हणा. ओलीत पडून राहिलेला पियानो असेल तर पिकअपच्या आतली केसासारखी तार पण खाल्ली गेलेली असते. स्वर मुका आहे पण टाइन हाताने छेडली की नीट गुणगुणतेय, म्हणजे पिकअप गेला. मल्टीमीटर लावून बघता येतं, फक्त पिकअप गटागटाने जोडलेले असतात त्यामुळे एक टोक सोडवून मोजलं तरच आकडा खरा. चांगला पिकअप साधारण 180-190 ओहम दाखवतो. एखाद-दुसरा मेलेला असणं काही विशेष नाही, भाव करायला कामाला येतो.

हातोड्यांची रबरी टोकं बघा. वर्षानुवर्षं एकाच जागी टाइन बसून खाच पडते, मग आवाजात टणत्कार येतो आणि कधीकधी टाइन त्या खाचेत अडकून "चक" असा आवाज येतो. ही टोकं मिळतात, खालून वर कडक होत जाणाऱ्या रबराचा सेट असतो, चिकटवायला वेळ जातो पण अवघड काही नाही. टोनबारच्या स्क्रूखाली रबरी ग्रोमेट असतात, ते दगड झाले असतील तर स्वर लवकर विझतो, सस्टेनच राहत नाही, ते पण बदलता येतात. डॅम्परचं (पट्टी सोडली की स्वर थांबवणाऱ्या भागाचं) फेल्ट किड्यांनी खाल्लेलं असेल तर तेही.

हे सगळं नीट बघतात लोक आणि पाय विसरतात! चार पाय, त्यांच्या मधल्या आडव्या दांड्या, पेडल, आणि पेडलपासून वर जाणारी ती लोखंडी काठी. यातलं काहीतरी हरवलेलं असतंच असतं. काठी नसेल तर सस्टेन नाही, आणि सस्टेनशिवाय रोड्स म्हणजे... राहू द्या. सुटे भाग वेगळे घ्यायला गेलात की खिशाला चांगलंच भगदाड पडतं.

आता ज्यासाठी मी हा पियानो घेतला त्यावर येते, म्हणजे व्हॉइसिंग. टाइन आणि पिकअप यांची एकमेकांसमोरची जागा बदलली की आवाज पार बदलतो. टाइनचं टोक पिकअपच्या बरोबर मधोमध आलं की मूळ स्वर जवळजवळ नाहीसा होतो आणि त्याच्या वरचा ऑक्टेव्ह ऐकू येतो, पातळ, पोकळ. कारण टाइन पिकअपच्या दोन्ही बाजूंना सारखीच जाते, त्यामुळे एका फेरीत पिकअपला दोनदा झटका बसतो. आता टोनबारचा पुढचा स्क्रू अगदी थोडा फिरवा, पाव फेऱ्याहूनही कमी, टाइन मधापासून जराशी वर सरकते आणि खालून मूळ स्वर भरून यायला लागतो, वर घंटेसारखी किणकिण शिल्लक असतेच. अजून फिरवलं की किणकिण गेली, नुसता गोल मऊ आवाज. हे करताना एका हाताने पट्टी वाजवत राहायची, दुसऱ्या हातात स्क्रूड्रायव्हर, आणि नेमका कुठे थांबायचं ते तुमचं तुम्ही ठरवायचं. कंपनीने एक जागा ठरवली होती म्हणे, पण मला किणकिण थोडी जास्त लागते, मी तशी ठेवलीय.

दुसरं, पिकअप पुढेमागे सरकतो. जवळ आणला की आवाज मोठा आणि जोरात वाजवल्यावर तो फाटका गुरगुराट येतो ज्यासाठी लोक वेडे होतात. एक-दीड मिलिमीटरच्या आसपास ठेवतात. फार जवळ आणला तर जोरात वाजवल्यावर टाइन पिकअपलाच धडकते. खालच्या स्वरांना जरा जास्त जागा द्या, त्यांच्या टाइन लांब असतात आणि बऱ्याच हलतात. 73 स्वर एकसारखे करणं हे कंटाळवाणं काम आहे, खोटं कशाला बोलू, पण एकदा बसलं की वर्षभर बघावं लागत नाही.

ट्यूनिंग त्यामानाने सोपं. टाइनवर बारीक स्प्रिंग गुंडाळलेली असते, टोकाकडे सरकवली की सूर उतरतो, मुळाकडे नेली की चढतो. ट्यूनर लावा आणि बसा. अकूस्टिक पियानोसारखा हा ऋतू बदलला की उतरत नाही, फार फिरवलाच नाही तर सूर टिकून राहतो.

पट्ट्यांचा जडपणा हा या मॉडेलचा खरा वीक पॉइंट. काही वर्षांच्या पियानोंमध्ये पट्टीच्या मागच्या टोकावर जो छोटा उंचवटा हवा तो नसतो, त्यामुळे हातोडी उचलताना चिखलात हात घातल्यासारखं वाटतं. तो उंचवटा नंतर चिकटवता येतो, त्याचे तयार सेट पण मिळतात, आणि फरक इतका पडतो की माझं मत असं आहे की उंचवटा नसलेला पियानो घेत असाल तर हे काम किमतीतच धरा. वेगाने वाजवणाऱ्यांना त्याशिवाय मजाच येणार नाही.

अँप. इथे सगळ्यात जास्त गोंधळ असतो. स्टेजचं आउटपुट पॅसिव्ह, म्हणजे आत आवाज वाढवणारं काही नाही, मिक्सरच्या लाइन इनपुटमध्ये घातलं तर आवाज मरतुकडा येतो, गेन वाढवला की शू शू वाढते. गिटार अँपचा इनपुट, डीआय बॉक्स (वाद्याचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी डबी) किंवा ऑडिओ इंटरफेसचा इन्स्ट्रुमेंट इनपुट वापरा. पियानोवरचा बेस बूस्टचा नॉब खरं तर काही वाढवत नाही, पॅसिव्ह सर्किट वाढवणार कुठून, तो पूर्ण फिरवला की मूळ आवाज असतो आणि कमी केला की बेस कापला जातो. म्हणून सुरुवात पूर्ण फिरवूनच करा. हार्पवरून येणारी आरसीए वायर थेट चांगल्या प्रीअँपमध्ये घालून दोन्ही नॉबना वळसा घालणारे पण आहेत, आवाज जरा जास्त उघडा येतो.

73 चा सगळ्यात खालचा स्वर ई, 41 हर्ट्झ, म्हणजे बेस गिटारच्या जाड तारेएवढा खाली. आठ इंची स्पीकरच्या छोट्या गिटार अँपवर डावा हात वाजवलात की नुसता फडफडाट. फेंडर ट्विन रिव्हर्ब लोक का लावतात, तर 85 वॅट आहेत, दोन 12 इंची स्पीकर आहेत, आणि त्याचं टोन सर्किट मधला भाग आपोआप थोडा खाली ओढतं, आणि रोड्सचा चिखल नेमका तिथेच असतो. दुसरा अँप असेल तर 200 ते 300 हर्ट्झ थोडं कापून बघा. ट्विन जड आहे आणि व्हॉल्व्हचा आहे, त्यामुळे प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा व्होल्टेज राहतो, मागचं पॅनल स्वतः उघडायच्या भानगडीत पडू नका. रोलंड जेसी-120 या अँपचा कोरस इफेक्ट मला ट्विनपेक्षा जास्त आवडतो, यावर भांडायला मी तयार आहे. पीए स्पीकरवर थेट लावलं तर आवाज स्वच्छ येतो पण बेचव, मध्ये थोडा गरम होणारा प्रीअँप किंवा ओव्हरड्राइव्ह अगदी कमीवर ठेवला की जान येते. आणि फेजर (आवाज घुसळणारा इफेक्ट) घ्याच. पिकअप सिंगल कॉइल असतात, म्हणून ॲडॅप्टर आणि लाइट डिमर लांब ठेवा, नाहीतर अख्खा वेळ घुमघुम.

वुर्लिट्झर 200ए पण बघितला होता. 64 पट्ट्या, रोड्सच्या निम्म्याहून कमी वजन, आत अँप आणि स्पीकर, आवाजात एक चावरेपणा जो गर्दीतूनही वर येतो. त्यात स्टीलच्या रीड (पातळ पाती) हातोडीने वाजतात, आणि पिकअप इलेक्ट्रोस्टॅटिक, 150 व्होल्टच्या आसपास चालणारा. रीड आणि पिकअपच्या फटीत धुळीचा कण गेला तरी तडतड. आणि दणकून वाजवणाऱ्यांच्या हातून रीड तुटतात, नवी घालायची म्हणजे टोकावरचा सोल्डरचा थेंब कानशीने घासत घासत सूर लावायचा. माझा हात जड, म्हणून रोड्स.

ऑर्गनवाल्यांनो, हॅमंड घेताना एकच गोष्ट डोक्यात ठेवा, ती म्हणजे फ्रीक्वेन्सी. टोनव्हील हॅमंडमध्ये (फिरत्या चकत्यांमधून सूर काढणाऱ्या) मोटर मेन्सच्या हर्ट्झवर फिरते. 60 हर्ट्झसाठी बनवलेला ऑर्गन 50 हर्ट्झवर लावला तर तो पाच षष्ठांश वेगाने फिरतो आणि सगळं वाद्य तीन सेमीटोन खाली वाजतं. स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ नाही, त्यासाठी वेगळा कन्व्हर्टर लागतो. विकणारे हे सांगत नाहीत. बी-3 या मोठ्या मॉडेलची स्वप्नं बघा पण जागा आणि पाठ दोन्ही वाचवायचं असेल तर एम-100 किंवा एल-100 हे स्पिनेट (छोटे घरगुती ऑर्गन) तितकेच खरे टोनव्हील आहेत, फक्त 44-44 पट्ट्यांचे. दोन्हींमध्ये मी एम-100 घेईन कारण त्यात स्कॅनर व्हायब्रेटो (सूर हलवणारी हॅमंडची खास यंत्रणा) आहे. जनरेटरला (चकत्या फिरतात त्या भागाला) वर्षातून एकदा हॅमंडचंच तेल, शिलाई मशीनचं किंवा घरातलं कुठलंही नाही, ते आत गोंद होऊन बसतं. लेस्ली (ऑर्गनचा फिरता स्पीकर) घेताय तर 122 आणि 147 दोन्ही 40 वॅट आणि दिसायला भावंडं असली तरी वायरिंग वेगळं, एकाची जोडणीची किट दुसऱ्याला लावून चालवायचा प्रयत्न करू नका.

क्लॅव्हिनेट डी6 (तारांचं इलेक्ट्रिक कीबोर्ड वाद्य) वर वेगळं लिहायला हवं, तूर्तास इतकंच की हातोड्यांचं जुनं रबर वितळून डांबर होतं आणि तारांना चिकटतं, त्यामुळे "फक्त काही पट्ट्या अडकतात" असं जाहिरातीत लिहिलं असेल तर सगळ्या 60 बदलायची तयारी ठेवून जा.

रोड्स घरी नेताना पाय काढा, हार्पचे बाजूचे स्क्रू घट्ट आहेत ना बघा, झाकण लावून कुलपं अडकवा. पोचल्यावर लगेच सेटिंगला हात घालू नका, आधी नुसता आठवडाभर वाजवा, कुठला स्वर खटकतो ते एका कागदावर लिहीत जा, आणि मगच स्क्रूड्रायव्हर काढा.