पोस्टफिक्स: भरवशाचा मेल सर्व्हर, पण कोकणात मूळ सेटिंगवर सोडू नका

आंबा निर्यात, काजू कारखाना किंवा हॉटेल, कुठेही मेल सर्व्हर ऑफिसातच ठेवायचा असेल तर आमची पहिली पसंती पोस्टफिक्सला. मुख्य कारण लाइट. आलेला मेल आधी डिस्कवर लिहून मगच तो '२५० ओके', म्हणजे 'मेल मिळाला', म्हणतो. पावसात लाइट गेली, इन्व्हर्टरही बसला, तरी घेतलेला मेल रांगेत शाबूत राहतो. फुकट आहे, पण पॅनेल वगैरे काही नाही. सगळा कारभार 'मेन.सीएफ' या टेक्स्ट फाइलीतून. टर्मिनलचा कंटाळा असणाऱ्यांनी या वाटेला जाऊच नये.

मेल अडकला तर पोस्टफिक्स कारण लपवत नाही. रांग दाखवणारी 'मेलक्यू' कमांड चालवून क्यू आयडी (त्या मेलचा रांगेतला नंबर) घ्या आणि तो मेल लॉगमध्ये शोधा. त्या ओळीत 'डिलेज'पुढे चार आकडे असतात: क्यू मॅनेजरच्या (रांग सांभाळणाऱ्या भागाच्या) हाती पडेपर्यंतचा वेळ, त्याच्याकडचा, जोडणीचा आणि प्रत्यक्ष पाठवणीचा. तिसरा ३० च्या आसपास, सोबत 'कनेक्शन टाइम्ड आउट', आणि हे सगळ्याच डोमेनांना होतंय? मग समोरच्यांना दोष देऊ नका. ३० सेकंद ही जोडणीची ठरलेली मुदत. बहुधा तुमच्या इंटरनेटवाल्याने बाहेर जाणारं, सर्व्हर एकमेकांना मेल देतात ते २५ नंबरचं पोर्ट बंद ठेवलंय. चौथा आकडा फुगला असेल तर अपलोड तपासा.

समोरच्या सर्व्हरने दिलेला उत्तराचा कोड ४ ने सुरू झाला तर पोस्टफिक्स पुन्हा प्रयत्न करतो, ५ ने झाला तर मेल परत. ग्रेलिस्टिंगचा (अनोळखी सर्व्हरला 'थोड्या वेळाने या' सांगण्याचा) ४५० दिसला म्हणून रांग हाताने ढकलत बसू नये. '५५० ५.१.१' म्हणजे असा पत्ताच नाही. 'रिले ॲक्सेस डिनाइड' तुमच्याच सर्व्हरने दिलं, तर पाठवणाऱ्याच्या आउटलुकमध्ये एसएमटीपी (मेल पाठवण्याचं) लॉगिन आहे का ते आधी पाहा.

खटकतं ते मूळ सेटिंग. अडकलेला मेल ३०० ते ४००० सेकंदांच्या अंतराने पुन्हा पाठवला जातो आणि पाच दिवसांनी परत येतो. तोवर पाठवणाऱ्याला चकार शब्द नाही, कारण 'डिले_वॉर्निंग_टाइम' (उशिराची सूचना किती वेळाने द्यायची ते) शून्यावर, म्हणजे बंद असतो. कोटेशन पोचलं असं समजून माणूस निवांत! हा टाइम ४ तासांवर आणा. 'मॅक्सिमल_क्यू_लाइफटाइम', म्हणजे मेल रांगेत ठेवायची मुदत, १० दिवसांवर न्या. सर्व्हर बंद असला तरी रांगेतल्या मेलचं वय वाढतच असतं, आणि २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन-दापोलीकडे वीज किती उशिरा आली ते सगळ्यांना ठाऊक आहे. बदल केल्यावर 'पोस्टफिक्स रीलोड'. लाइन आली की सगळी रांग लगेच पाठवायला लावणारी 'पोस्टक्यू -एफ' एकदाच. सारखं मारलं तर पोस्टफिक्स न जाणाऱ्या मेलांतच गुंतून पडतो.

साध्या ब्रॉडबँडवरून थेट मेल पाठवायचा नाद सोडा. असे आयपी बहुधा स्पॅमहॉस या स्पॅमविरोधी संस्थेच्या पीबीएल यादीत (थेट मेल पाठवू नये अशा आयपींच्या) असतात. तुमचा मेल पुढे पोचवणारी रिले सेवा घ्या, 'रिलेहोस्ट'मध्ये तिचं नाव चौकोनी कंसात लिहा (नाहीतर पोस्टफिक्स त्या नावाची एमएक्स, म्हणजे मेल घेणाऱ्या सर्व्हरची नोंद शोधत बसतो) आणि पोर्ट ५८७ द्या. रिलेचा इन्क्लूड (तिला परवानगी देणारा भाग) आधीच्याच एसपीएफ नोंदीत, म्हणजे तुमच्या डोमेनचा मेल कोण पाठवू शकतं त्या डीएनएस नोंदीत घाला. वेगळी दुसरी नोंद केलीत तर दोन्ही बाद. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला एसपीएफ किंवा डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) लागतंच. नसेल तर '५.७.२६' म्हणून मेल परत.

फोटो जोडायचं म्हणाल तर एका मेलची मूळ मर्यादा १,०२,४०,००० बाइटची. पाठवताना फाइल सुमारे तिसऱ्या हिश्श्याने फुगते, म्हणून साडेसात एमबीच्या पुढे '५५२ ५.३.४' ठरलेला. 'मेसेज_साइझ_लिमिट' वाढवा, पण 'मेलबॉक्स_साइझ_लिमिट'च्या वर नेऊ नका.