बिल्ला नसलेला जुना ड्रम: लग पाहावा की शेल?

नाशिकला गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारात किंवा एखाद्या बँडवाल्याच्या माळ्यावर बिल्ला (कंपनीच्या नावाची पट्टी) गेलेला ड्रम सापडला, की तो कुणाचा हे ओळखायला सगळे आधी लगकडे, म्हणजे पडदा ताणणारे बोल्ट ज्यात बसतात त्या बाहेरच्या धातूच्या तुकड्यांकडे बघतात. उलगडा झटपट होतो, पण फसगतही तिथेच: साठच्या दशकात जपानी कारखान्यांनी अमेरिकी लगची सर्रास नक्कल केली. शिवाय लग बदलता येतो. तेव्हा आतून जादा भोकं शोधा.

भरवसा शेलवर, म्हणजे ड्रमच्या लाकडी नळकांड्यावर ठेवावा, वेळ लागला तरी. हेड (पडदा) काढा, टॉर्च मारा. आत चंदेरी रंग आणि काठाला मजबुतीची लाकडी रिंग नाही? बहुधा अमेरिकेतल्या ग्रेच कंपनीचा. लाकडाचे तीन थर आणि रिंग असेल तर लुडविग, स्लिंगरलँड या अमेरिकी कंपन्या संभवतात. पण लाकूड लालसर, भरड लुआन निघालं तर बहुधा जपानी समजा. आजचं 14 इंची हेड शेलवर बसतच नसेल, तर तो साधारण 1968 पूर्वीचा इंग्लिश प्रीमियर असू शकतो.