देवाच्या कामात ४७,७०० रुपयांना फसवलं, घुमटी बांधणाऱ्यांनी वाचा

अंगणात विटांची छोटी घुमटी बांधायला काढली आणि ४७,७०० रुपये घालवून बसलो. लिहायला लाज वाटते. तरी लिहितोय, कारण तो मिस्त्री अजून मोकळाच आहे.

आई ७८ वर्षांची आहे. खंडोबाचा टाक चंपाषष्ठीला स्वतःच्या घुमटीत बसलेला बघायचा, एवढीच तिची इच्छा. २०२४ ची चंपाषष्ठी ७ डिसेंबरला होती. गावातले गवंडी घरकुलांच्या कामात अडकलेले, म्हणून बाहेरचा धरला. त्याने मोबाईलवर देवळांचे फोटो दाखवले. ती कुठल्या गावची, हे मी विचारलं नाही. तुम्ही विचारा, आणि त्यातलं एक तरी जाऊन बघा.

इसार १५,००० रुपये. विटांचे १३,५००, म्हणजे नऊ रुपयांनी दीड हजार विटा. वाळू-सिमेंटचे ८,२००. शेवटी कळसाचे ११,०००, 'आज भरले नाहीत तर मुहूर्ताला मिळणार नाही' म्हणून. सगळे फोनवरून पाठवले, कागद एकही नाही. मी अडाणी नाही हो, बावीस वर्षं हिशेबाचंच काम करतोय. पण देवाच्या कामाची पावती मागायला जीभ रेटली नाही.

आणि कळायला हवं होतं ते तिथंच, पहिल्या संध्याकाळी. नमुन्याची वीट त्याने दुसरीवर आपटून दाखवली होती, घंटेसारखी वाजली. ट्रॉली मात्र अंधार पडल्यावर आली. दुसऱ्या दिवशी विटा भिजवायला टाकल्या, तर बादलीतलं पाणी तांबडा चिखल झालं. एक वीट उचलली, नखाने ओरखडा उठला, कोपरा बोटांत चुरला. मी त्याच्याकडे बघितलं. तो म्हणाला, "भाऊ, देवाच्या कामात शंका घेऊ नये." आई शेजारीच उभी होती. मी गप्प बसलो. त्या क्षणी काम थांबवलं असतं तर कळसाचे ११,००० तरी वाचले असते! रात्री अजूनही ते वाक्य कानात येतं.

चौथरा झाला, दीड फूट भिंत चढली, आणि कळसाचे पैसे मिळाले त्याच दिवसापासून फोन बंद. आम्ही भक्तिभावाने सकाळ-संध्याकाळ पाणी मारत राहिलो. पाचव्या दिवशी खालचा थर फुगून बाहेर आला. अर्धवट भाजलेली कच्ची वीट, ती पाण्यात विरघळणारच. नंतर भाच्याने हिशेब करून दाखवला: घनफुटाला साधारण चौदा विटा, म्हणजे आमच्या मापाच्या घुमटीला सहाशे-साडेसहाशे पुरत होत्या. आणि आल्या किती? भिंतीतल्या धरूनही सातशे भरेनात. थप्पी आतून पोकळ रचलेली. विटा उजेडात उतरवून घ्या, स्वतः मोजा.

पोलीस ठाण्यात पहिल्यांदा म्हणाले, हे दिवाणी आहे. दुसऱ्यांदा साहेब बंदोबस्तात. तिसऱ्यांदा, "पावती आहे का?" मी पैसे पाठवल्याच्या चारही नोंदी दाखवल्या, न्याय संहितेतलं फसवणुकीचं कलम ३१८ दाखवलं. उत्तर काय, "तुम्ही शिकलेले ना, मग दिलेत कशाला?" ४७,७०० घेऊन पळणारा राहिला बाजूला, जाब मलाच! शेवटी अदखलपात्र नोंद करून, म्हणजे पोलीस स्वतःहून तपास करत नाहीत अशी, हातात कागद दिला. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, तर पैसे तुम्ही स्वतःहून दिलेत म्हणून ठेवून दिला. बँकेने हात वर केले. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, दोन वर्षांत तक्रार करता येते, हे खरं. पण तिथे समोरच्याचा पत्ता लागतो, आणि माझ्याकडे फक्त बंद नंबर. तो नंबर कुणाच्या नावावर आहे हे काढणं पोलिसांच्या हातात आहे, आणि तेवढंच ते करत नाहीत. म्हणून सांगतो, इसार देण्याआधी आधार कार्डाची प्रत घ्या, घर बघून या. राग आला तर येऊ दे त्याला.

चंपाषष्ठीला टाक पाटावरच पुजला. आई काही बोलली नाही, फक्त तळी भरताना अंगणाकडे बघत होती. पडकी भिंत मी अजून काढलेली नाही, पुरावा म्हणून ठेवली आहे. बघायला मात्र ठाण्यातून कुणी आलेलं नाही.