स्विच चुकला पण कीबोर्ड वाचला

पहिला मेकॅनिकल कीबोर्ड (ज्यात प्रत्येक बटणाखाली वेगळा स्विच असतो) घेऊन सहा महिने झाले, आता लिहायला हरकत नाही. कंपनीचं नाव देत नाही, कारण स्वस्तातले हे बोर्ड बऱ्याचदा एकच असतात, फक्त वर नाव वेगळं. माझं काम दिवसभर टायपिंग, त्यातलं निम्म्याहून जास्त मराठी आणि तेही इनस्क्रिप्टवर, म्हणजे भारतीय भाषांसाठीच्या प्रमाणित कीबोर्ड मांडणीवर. गेम खेळत नाही. बजेट तोकडं.

तर पहिली चूक. व्हिडिओत आवाज ऐकून ब्लू स्विचवाला घेतला. ब्लू म्हणजे क्लिकी, बटण अर्ध्यात गेलं की बोटाला खट्‌ लागतं आणि कानालाही ऐकू येतं. पहिले दोन दिवस इतकं भारी वाटलं की मी उगाच जुन्या मेलना उत्तरं देत बसलो. पण माईक त्या व्हिडिओवाल्याचा आणि खोली आपली, रात्री साडेअकराला तो आवाज काय असतो ते घरच्यांना विचारा. एका कॉलवर समोरच्यानं विचारलं, तुमच्याकडे पाऊस पडतोय का? आणि चौथ्या दिवशी बायको म्हणाली, "तुझं लिहून झालं की हाक मार, मग झोपेन मी."

इथे मला वाचवलं ते हॉट-स्वॅपनं. म्हणजे स्विच सोल्डर केलेले नसतात, सोबत मिळणाऱ्या चिमट्यानं उपटायचे आणि दुसरे दाबून बसवायचे. ब्राऊन, म्हणजे क्लिकचा आवाज नसलेले, मागवले आणि एका संध्याकाळी 87 च्या 87 बदलले. सगळं बसवून झालं, टाइप करायला घेतलं तर 'प'च उमटेना! स्विच काढून पाहिला तर एक पिन सॉकेटमध्ये न जाता खाली आडवी झोपलेली, ती भुवयांच्या चिमट्यानं सरळ केली आणि चालू झाला. स्विच घाईत दाबला की हे हमखास होतं, वरून दिसत सुद्धा नाही.

म्हणून माझं मत सरळ आहे, पहिल्या बोर्डात बाकी काही नसलं तरी चालेल पण हॉट-स्वॅप हवंच, कारण पहिल्यांदा स्विच निवडताना आपण अंदाजच मारत असतो. फक्त घ्यायच्या आधी एवढं विचारा की सॉकेट 3 पिनचं की 5 पिनचं (5 पिनवाला स्विच 3 मध्ये बसवायचा तर प्लॅस्टिकचे दोन जादा पाय नेलकटरनं कापता येतात), आणि कुठलेही स्विच बसतात की फक्त बारीक पिनवाले, कारण काही स्वस्त बोर्डांत तशी गोम असते.

रेड, ब्राऊन, ब्लू ही रंगांची नावं चेरी कंपनीच्या एमएक्स स्विचवरून आलीत, त्यांचं पेटंट संपलं आणि गेटरॉन, कायल, आउटेमू असे स्वस्त पर्याय आले, म्हणून तर आपल्यासारख्यांना हे परवडतंय. रेड एकदम सरळ खाली जातो, बोटं नुसती टेकवून ठेवायची सवय असेल तर नको ती अक्षरं उमटतात. ब्राऊनला मध्ये छोटासा अडथळा लागतो, अगदी छोटा, फार अपेक्षा ठेवू नका. बटण एकूण साधारण 4 मिमी खाली जातं पण अक्षर 2 मिमीलाच उमटतं, त्यामुळे तळापर्यंत ठोकायची गरज नाही. जुन्या रबरी कीबोर्डवर दणके द्यायची सवय जायला मला दोन आठवडे लागले, तोवर बोटं दुखली.

आता ज्यावर कोणी बोलत नाही ते, स्टॅबिलायझर. स्पेसबार, एंटर, बॅकस्पेस, शिफ्ट अशा लांब बटणांखाली एक तार असते आणि बोर्ड स्वस्त असला की ती खुळखुळ्यासारखी वाजते. इंग्रजी टाइप करताना फारसं जाणवत नाही पण इनस्क्रिप्टवर ख, घ, थ, ध, भ, ळ सगळे शिफ्टनं, आणि व्यंजनं उजव्या हाताला म्हणून करंगळी कायम डाव्या शिफ्टवर. 'धडधड' लिहा, कीबोर्डच धडधडतो. तारेच्या दोन्ही टोकांना डायइलेक्ट्रिक ग्रीसचा ठिपका लावला तर बराच फरक पडला.

कीकॅप्स, म्हणजे बटणांवरच्या टोप्या, पीबीटी प्लॅस्टिकच्या घ्या. एबीएस प्लॅस्टिकच्या काही महिन्यांत तेलकट चकाकायला लागतात. लाइटचं म्हणाल तर मी पहिल्याच आठवड्यात बंद केले. वायरलेस पण सोडलं, तेवढ्याच पैशात वायरवाला बोर्ड दणकट मिळतो.

साइझबद्दल मात्र नीट विचार करा. 61 बटणांचा छोटा बोर्ड फोटोत गोंडस दिसतो पण त्यात बाणांची वेगळी बटणं नसतात, कर्सर एक घर मागे न्यायला पण एफएन (Fn) बटण दाबून धरायचं, आणि ज्याला लिहिलेलं चारदा सुधारायचंय त्याला ही शिक्षाच आहे. मी टीकेएल (टेनकीलेस) म्हणजे 87 बटणांचा घेतला, नंबरपॅड नाही पण बाण, होम, एंड सगळं जागेवर. हिशेबाचं काम असेल तर पूर्ण 104 चाच घ्या.

आणि हो, हे बोर्ड उंच असतात, मनगट दुखतं. मी जुना टॉवेल गुंडाळून पुढे ठेवलाय, दिसायला भिकार पण काम होतं.

डाव्या शिफ्टची खडखड परत सुरू झालीये, या रविवारी पुन्हा ग्रीस.