बाळाची कारसीट: तोंड मागे की पुढे?

पुण्याहून कोल्हापूरला निघताना आजीचा ठरलेला प्रश्न: "अगं, बाळाला असं उलटं का बसवलंय? त्याला काही दिसत नसेल." दिसतं हो, मागच्या काचेतून ट्रकसुद्धा मोजतो तो. पण खरं कारण मानेत आहे. लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानाने जड आणि मान कोवळी. समोरून धडक बसली की मागे तोंड असलेली सीट डोकं, मान आणि कणा एकदम पेलते. तोंड पुढे असेल तर पट्टे धड धरून ठेवतात, डोकं मात्र पुढे फेकलं जातं आणि सगळा ताण मानेवर येतो.

युरोपच्या आय-साइझ या कारसीटच्या नियमात १५ महिन्यांपर्यंत तोंड मागेच हवं. स्वीडनमध्ये तर चार वर्षांपर्यंत तसंच बसवायला सांगतात. पाय दुमडतात म्हणून घाई नको, मुलं मांडी घालून मजेत बसतात. सीटवर लिहिलेली उंची-वजनाची मर्यादा संपली की मग तोंड पुढे, आणि तेव्हा सीटचा वरचा पट्टा (कारसीटच्या माथ्यापासून मागे गाडीला अडकवायचा) लावायला विसरू नका.

मागे तोंडाची सीट जागा खाते, हे खरं. छोट्या गाडीत पुढच्या माणसाचे गुडघे डॅशबोर्डला टेकतात. पण म्हणून ती चालू एअरबॅगसमोर, पुढच्या सीटवर कधीच लावू नका.