‘टक’ आवाजावर विसंबलो आणि विद्यार्थ्यांचे पैसे गेले

फोंडा तालुक्यातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या यंत्रशाळेत मी काम करतो आणि रोबोट स्पर्धेत उतरणाऱ्या विद्यार्थ्यांना जुळणीत मदत करतो. यंदा त्यांच्या रोबोटसाठी घेतलेल्या न्यूमॅटिक (हवेच्या दाबावर चालणाऱ्या) सामानात आमची फसवणूक झाली. ती सविस्तर लिहीत आहे, कारण माल ताब्यात घेताना आम्ही जी तपासणी पुरेशी मानली, तीच इतर अनेक जण करत असतील.

रोबोटने वस्तू पकडून उचलायची होती. त्यासाठी 25 मिमी बोअरचे (आतल्या व्यासाचे) सहा डबल-अ‍ॅक्टिंग सिलिंडर (हवेने दांडा दोन्ही दिशांना हलवणारे), स्प्रिंगने परत येणारे सहा 5/2 सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेच्या तारेच्या वेटोळ्याने, म्हणजे कॉइलने, हवेची वाट बदलणाऱ्या पाच तोंडांच्या, दोन स्थितींच्या झडपा) आणि एक एफआरएल (हवा गाळणारा, दाब राखणारा आणि तेल देणारा संच) एवढे सामान ठरले. रोबोकॉनसारख्या स्पर्धेत हवेचा दाब 6 बारच्या वर नेता येत नाही, आणि त्या दाबाला 25 मिमीचा सिलिंडर दांडा बाहेर ढकलताना हिशेबाने सुमारे 294 न्यूटन, म्हणजे साधारण 30 किलोचा जोर देतो. आमच्या कामाला तो पुरेसा होता. बॅटरी 24 व्होल्टची असल्यामुळे कॉइलही 24 व्होल्ट डीसीच्याच (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेच्या) हव्या होत्या.

मडगावच्या बाजूला असलेल्या एका विक्रेत्याने नामांकित कंपनीचा नवा माल बाजारभावाच्या जवळजवळ निम्म्या दरात देतो असे सांगितले. आम्ही दुकानात गेलो, तेव्हा त्याने एक व्हॉल्व्ह काउंटरवर ठेवून अ‍ॅडॉप्टरला जोडला. टक असा स्पष्ट आवाज आला, पोर्टमधून (हवेच्या तोंडातून) हवाही फुटली. “सर, पोरांच्या स्पर्धेसाठी आहे म्हणून हा भाव,” असे तो म्हणाला. नऊ विद्यार्थ्यांनी प्रत्येकी 2,000 रुपये काढून जमवलेल्या 18,000 रुपयांपैकी अर्धे आम्ही तिथेच दिले. माल चार दिवसांनी आला. यंत्रशाळेत प्रत्येक कॉइलला क्षणभर 24 व्होल्ट देऊन पाहिले, सहाही वेळा टक आवाज आला, आणि मी स्वतः उरलेले पैसे पाठवण्यास सांगितले. ही चूक सर्वस्वी माझी होती.

पंधरवड्यानंतर सरावाच्या वेळी पकड बंद ठेवण्यासाठी एक कॉइल सलग तीन-चार मिनिटे चालू राहिली. जळक्या वार्निशचा वास आला, काय तापले आहे ते पाहायला एका विद्यार्थ्याने बोट लावले आणि त्याच्या बोटाला फोड आला. तेवढ्यात कॉइल जळून तुटली, स्प्रिंगने व्हॉल्व्ह मागे ढकलला, पकड उघडली आणि वरचे वजन खाली आले. खाली नटबोल्ट आवळणाऱ्या मुलीचा हात केवळ वीतभर अंतरावर होता. पैशांपेक्षा मला त्या क्षणाचा अधिक राग आहे.

आमच्या वाड्यावर कुंडईच्या एका कारखान्यातील देखभाल विभागातून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. त्यांना ती कॉइल नेऊन दाखवली. त्यांनी ‘24 व्होल्ट डीसी’ असे छापलेले चकचकीत स्टिकर नखाने हळूहळू खरवडले. खाली प्लास्टिकमध्येच कोरलेला 24 हा आकडा होता आणि त्याच्या पुढे डीसीची सरळ रेघ नव्हे, तर एसीची नागमोडी खूण होती. जुन्या यंत्रांवरून काढलेल्या एसी कॉइल आम्हाला नव्या डीसी कॉइल म्हणून विकल्या होत्या.

एसीवर प्रवाह सतत उलटसुलट होत असल्यामुळे कॉइल स्वतःच त्याला विरोध करते, म्हणून तिच्या तारेचा रोध (विजेला होणारा अडथळा) कमी ठेवलेला असतो. डीसीवर हा विरोध उरत नाही. 3 वॅटच्या 24 व्होल्ट डीसी कॉइलचा रोध सुमारे 192 ओहम यायला हवा. आमच्या मीटरवर 38 ओहम आला. म्हणजे 125 मिलिअँपिअरऐवजी 600 मिलिअँपिअरहून अधिक प्रवाह आणि मुठीत मावणाऱ्या कॉइलमध्ये 15 वॅट उष्णता. क्षणभराच्या चाचणीत अशी कॉइल खऱ्या कॉइलसारखीच, किंबहुना जास्त जोरात वाजते. सहापैकी चार अशा निघाल्या. खोक्यात वरच्या थरात होत्या, त्या दोन मात्र अस्सल होत्या.

मग सिलिंडरही तपासले. एका पोर्टला 6 बारची हवा दिली, दांडा पूर्ण बाहेर गेला की दुसऱ्या पोर्टवर साबणाचे पाणी लावले. चांगल्या सिलिंडरमध्ये तिथे काहीच व्हायला नको. आमच्या तीन सिलिंडरांत बुडबुडे थांबेचनात, म्हणजे पिस्टनचे सील (हवा अडवणारी रबरी कडी) झिजलेले होते. दांड्यावर ग्रीसचा जाड थर होता आणि तो पुसल्यावर गंजाचे बारीक खड्डे दिसले. दोन्ही टोके दाबून बंद केलेल्या या सिलिंडरांत सील बदलण्याचीही सोय नसते.

बिलही तेव्हाच नीट पाहायला हवे होते. गोव्यातील दुकानाचा जीएसटी क्रमांक 30 ने सुरू होतो. आमच्या बिलावरचा 29 ने, म्हणजे कर्नाटकाच्या क्रमांकाने सुरू होत होता, आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर तो टाकल्यावर नोंदणी रद्द झालेली दिसली. पैसेही दुकानाच्या नव्हे, तर एका व्यक्तीच्या खात्यात गेले होते. विक्रेत्याने आधी “वायरिंग चुकले असेल” असे सांगितले, नंतर फोन उचलणे बंद केले. आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 या क्रमांकावर, तक्रार नोंदवली आहे. खोके उघडतानाचे छायाचित्र काढले नव्हते, त्यामुळे हाच माल आला होता हे दाखवणे अवघड जात आहे.

आता नव्या कॉइल अधिकृत विक्रेत्याकडून घेतल्या आहेत. प्रत्येक कॉइल रोध मोजून वहीत नोंदली जाते आणि अर्धा तास सलग चालू ठेवल्यावरच रोबोटवर चढते. जुन्या चार कॉइल, त्यातील एक जळालेली, स्टिकरांसह पिशवीत मोहोरबंद करून माझ्या कपाटात ठेवल्या आहेत.