देहाच्या पुनरुत्थानावरील तीन दिवसांचा अभ्यासवर्ग

तुरीची सवंगणी आटोपल्यावर अचलपूर तालुक्यातील एका खेड्याच्या चर्चमध्ये भरलेल्या निवासी अभ्यासवर्गाला मी गेलो होतो. आरंभीच्या ख्रिस्ती मंडळीने देहाच्या पुनरुत्थानाविषयी, म्हणजे मेलेले देहासह पुन्हा उठतील या विश्वासाविषयी, आणि दुःखाविषयी काय शिकवले, हा त्याचा विषय होता. राहण्या-जेवणाची सोय साधी, पण नीटनेटकी होती.

पहिला दिवस बायबलमधील प्रेषित पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रातील 15व्या अध्यायाला दिला होता. पेरलेला दाणा जसा नवे अंग घेऊन उगवतो तसा मेलेला देह उठेल, हा दाखला वाचून होताच एका वृद्ध शेतकऱ्याने विचारले की, पावसाने दगा दिल्यावर दुबार पेरणी करणाऱ्याला हा दाखला कसा पटावा, कारण मातीत गेलेला प्रत्येक दाणा काही उगवत नाही. चर्चच्या पाळकांनी प्रश्न टाळला नाही. पौलाचा भरवसा दाण्याच्या जोमावर नसून त्याला अंग देणाऱ्या देवावर आहे, हे त्यांनी त्याच अध्यायातील 38वे वचन पुन्हा वाचून दाखवले.

दुसरा दिवस मला सर्वांत मोलाचा वाटला. इ.स. 177 मध्ये लियों (आजच्या फ्रान्समधील शहर) येथील रक्तसाक्ष्यांचे, म्हणजे श्रद्धेसाठी मारल्या गेलेल्या ख्रिस्ती लोकांचे, देह जाळून, त्यांना पुनरुत्थानाची आशाच उरू नये म्हणून, राख रोन नदीत टाकण्यात आली. पुढे तेथेच बिशप झालेल्या इरेनियसने सुमारे 180 मध्ये, देहाला तारण नाही असे मानणाऱ्या ज्ञानवाद्यांना सविस्तर उत्तर दिले. चौथ्या-पाचव्या शतकातील बिशप ऑगस्टीनच्या मते रक्तसाक्ष्यांचे तुटलेले अवयव परत मिळतील, तरी जखमांचे व्रण कदाचित राहतील आणि ते व्यंग नव्हे, तर गौरव ठरतील. माझ्या थोरल्या भावाचा हात मळणीयंत्रात गेला आहे. ऑगस्टीन रक्तसाक्ष्यांविषयी बोलत होता, हे मला ठाऊक आहे, आणि पाळकांनीही त्याचे म्हणणे सर्वांवर ताणून बसवले नाही. तरीही देहाला इतके महत्त्व देणारी शिकवण ऐकताना मला भावाचाच हात दिसत होता.

तिसऱ्या दिवशी मात्र निराशा झाली. दुःखाचा प्रश्न दीड तासात उरकला गेला. मनुष्य अपक्व निर्माण झाला असून तो हळूहळू परिपक्व होतो, हा इरेनियसचा विचार खोल आहे. पण ज्या घरातील कर्ता माणूस कर्जापायी गेला, त्या घरच्यांसमोर तो इतक्या घाईने मांडणे मला योग्य वाटले नाही. टिपणांच्या झेरॉक्स प्रतीही पुसट होत्या.

इतके असूनही वर्गाला अवश्य जावे. मात्र 15वा अध्याय आधी वाचून जावे, आणि तिसऱ्या दिवशीचे प्रश्न दुसऱ्या रात्रीच पाळकांपुढे ठेवावेत. पुढच्या वेळी मी भावाला सोबत नेणार आहे.